‘तिकडं सोपं पडलं, बाई’

नमस्कार काकू,

सोलापुरात नवी पेठेत आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. आजोबांनी सुरू केलं, बाबांनी चाळीस वर्षं चालवलं. तीन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून मी बघते. बाबांच्या वेळचे एक जुने कामगार आहेत, त्यांना आम्ही मामा म्हणतो. शिवाय एक नवा मुलगा आहे. मागच्या वर्षी मी पुण्याला दोन दिवसांचं शिबिर केलं. ‘ग्राहकाच्या लक्षात राहील असा अनुभव द्या, बारकाव्यांकडे लक्ष द्या,’ असं तिथं सांगितलं. मी कर्ज काढून पावणेदोन लाख घातले. काचेचं दार, एसी, सुगंधाचं मशीन, फोटो काढायला हातमागाचा कोपरा, येणाऱ्याला कोकम सरबत. लोक फोटो काढतात, सरबत पितात, ‘छान केलंय हं’ म्हणतात आणि जातात. विक्री होती तिथंच आहे. गेल्या महिन्यात आमच्या वीस वर्षांच्या गिऱ्हाइकानं मुलीच्या लग्नातल्या आहेराचे १२० टॉवेल दुसरीकडे सांगितले. तिथला भाव आमच्यापेक्षा नगामागे चार रुपये जास्तच. रस्त्यात भेटले तेव्हा ‘असं का हो काका?’ म्हटलं, तर म्हणाले, ‘तिकडं सोपं पडलं, बाई.’ घरी येऊन रडले. आता आणखी कुठले बारकावे बघायचे? पैसेही संपलेत. मला अगं-तुगं केलंत तरी चालेल, पण स्पष्ट सांगा. नाव छापू नका.

— एक वाचक, सोलापूर

बाळ,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पावणेदोन लाखांचा हिशेब तू सविस्तर दिलास आणि सगळ्यात मोलाचं वाक्य शेवटी घाईघाईत लिहून टाकलंस. वीस वर्षांची ओळख बाजूला ठेवून, वर चार रुपये जास्त मोजून माणूस दुसरीकडे गेला, आणि कारण विचारल्यावर त्यानं तिथल्या मालाचं कौतुक केलं नाही की दुकानाचं वर्णन केलं नाही. सोपं पडलं म्हणाला. त्यानं तुला फुकटात जे सांगितलं, ते त्या शिबिरात दोन दिवसांत कुणी सांगितलं नाही.

मीही सोलापूरचीच. लग्न झाल्यावर सव्वीस वर्षं सासरच्या टॉवेल-नॅपकिनच्या दुकानात गादीवर बसले. खाली जे लिहिते त्यातलं बरंचसं आमच्या हातून चुकलं म्हणून कळलेलं आहे.

आहेराचंच आधी घेऊ, कारण तेच तुला लागलंय. मुलीचा बाप दुकानात येतो तेव्हा त्याच्या खिशात घडी घालून घालून मऊ झालेला वहीचा एक कागद असतो. त्यावर त्यानं, बायकोनं आणि थोरल्या भावानं मिळून लिहिलेली नावं असतात. व्याही, व्याह्यांचे भाऊ, नवऱ्या मुलाचे मामा, आत्याचे यजमान, आपले भाऊबंद, शेजारची चार घरं. काही नावं खोडलेली, काही बाण काढून मध्येच घुसवलेली. कुणाला टॉवेल-टोपी, कुणाला नुसता टॉवेल, कुणाला पूर्ण पोशाख. मांडवात कुणाचा मान चुकायला नको ही एकच धास्ती त्याला रात्री झोपू देत नाही. तू त्याला काय विचारलंस? कुठला रंग, कुठली साइज, किती डझन. हो ना? आम्हीही तेच विचारायचो.

आमच्याकडून एकदा असेच नव्वद टॉवेल गेले. माल चोख, भाव चोख, दिल्या दिवशी पोच. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ दुकानात आले, बसले, पाणी प्यायले आणि बराच वेळ काही बोलेचनात. मग हळूहळू कळलं. त्यांनी दोन प्रकारचे टॉवेल घेतले होते. मानाच्या पाहुण्यांना भरदार मोठे, बाकीच्यांना मध्यम. आम्ही दोन्ही एकाच रंगाच्या कागदात, एकाच सुतळीनं बांधून दिले. मांडवात आहेर वाटणाऱ्या पोरांना फरक कळला नाही. नवऱ्या मुलाच्या मामांच्या हातात मध्यम टॉवेल गेला आणि मंडपवाल्याच्या हातात मोठा. त्यावरून व्याह्यांच्या घरी जे बोलणं झालं ते नव्या नवरीला ऐकून घ्यावं लागलं. ते गृहस्थ आमच्याशी भांडायला आलेच नव्हते. फक्त म्हणाले, ‘वहिनी, पुढच्या माणसाला जरा वेगळं बांधून द्या.’

टॉवेलात एक धागा कमी नव्हता. खोट होती ती आमच्या बांधण्यात. त्या रात्री आम्ही दोघं जेवलो नाही.

त्यानंतर आम्ही आहेराचं गिऱ्हाईक आलं की माल काढायच्या आधी ‘यादी आणलीय का?’ विचारायला लागलो. यादी समोर ठेवून बसायचो. मानाचे पुडे लाल दोऱ्यानं, बाकीचे पांढऱ्या. लाल दोऱ्याच्या पुड्यावर नावाची चिठ्ठी, तीही ठळक अक्षरात, कारण मांडवात वाचणारा मामा साठीचा असतो आणि चष्मा खोलीत राहिलेला असतो. पुडे खोक्यात भरायचे ते ज्या क्रमानं द्यायचे त्याच्या उलट, म्हणजे पहिलं नाव सगळ्यात वर. शिवाय बिननावाचे पाच पुडे वेगळे, कारण आयत्या वेळी न बोलावलेला आतेभाऊ येतोच. खोक्यावर बाहेरून लिहायचं, ‘वरपक्ष – मान’ किंवा ‘घरचे’. आणि शेवटचा प्रश्न: माल घरी पाठवायचा की थेट कार्यालयावर? १२० टॉवेल म्हणजे चाळीस-पन्नास किलोचं ओझं. ते घरी नेऊन पुन्हा कार्यालयावर न्यायचं म्हणजे लग्नघरातल्या दोन माणसांची अर्धी सकाळ गेली. उरलेले न वापरलेले टॉवेल आठ दिवसांत परत घेऊ, हे बिलावरच लिहून द्यायचो.

या सगळ्याला खर्च किती? दोरा, कागद, चिठ्ठ्या मिळून शंभर रुपयेही नाही. वेळ मात्र जायचा, दीड-दोन तास. पण तुझ्याकडून गेलेल्या माणसानं नगामागे चार रुपये, म्हणजे १२० टॉवेलांवर ४८० रुपये जास्त दिले ते बहुधा अशाच कशासाठी तरी दिले असतील. नेमकं कशासाठी ते त्यांनाच विचारायचं. त्याकडे मी शेवटी येते.

आता एक काम कर. उद्या दुपारी दोन वाजता, दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन, एसटी स्टँडवरून रिक्षा न करता आपल्या दुकानापर्यंत चालत ये. एप्रिल-मेत आपल्याकडे पारा ४२-४३ वर असतो, तेव्हा पुन्हा एकदा ये. दारापाशी आलीस की तुला कळेल की काचेचं दार ओढायला एक हात रिकामा लागतो. मंगळवेढ्याकडून, मोहोळकडून आलेलं म्हातारं माणूस त्या दाराबाहेर थबकतं, चपला काढाव्यात की घालून जावं. आतून एसीची गार हवा, खाली चकचकीत फरशी. तो क्षणभर आत बघतो आणि शेजारच्या उघड्या दुकानात शिरतो. तुझ्या दुकानात तो आलाच नाही म्हणून तुला त्याचा पत्ताही लागत नाही. एसी राहू दे, सोलापूरच्या उन्हात ते पुण्याचं काम आहे. पण दाराशी त्या मुलाला उभा कर. कुणी थबकलेलं दिसलं की त्यानं दार उघडून म्हणावं, ‘चपला राहू द्या, या की आत.’

आत आल्यावर बसायला काय आहे? तू लिहिलं नाहीस. हातमागाचा कोपरा आहे म्हणजे बहुतेक बाक गेला असणार. गुडघे दुखणाऱ्या बाईला गादीवर बसता येत नाही आणि उंच स्टुलावर चढता येत नाही. पाठ टेकता येईल अशा दोन साध्या खुर्च्या ठेव. सून चादरी बघत असते आणि सासू उभी असते, आणि दहा मिनिटांनी सासूच म्हणते, ‘चला, पुढं बघू.’ किती गिऱ्हाइकं नुसत्या गुडघ्यांमुळे उठून जातात ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

सरबताचं सांगते. कोकम आपल्याकडचं नाही, त्यात साखर असते, आणि साखरेचा आजार असलेल्या माणसाला ‘नको’ म्हणताना संकोच होतो. ज्या शहरानं नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड येणारं पाणी पाहिलंय, तिथं न मागता पुढं आलेलं माठातलं गार पाणी काय असतं ते आपल्याला माहीत आहे. आधी पाणी दे. सरबत ज्याला हवं त्याला.

इथं मला आमच्यावर गुदरलेला एक प्रसंग सांगायचाय. काही वर्षांपूर्वी यांच्या कानाचं यंत्र घ्यायला आम्ही एका मोठ्या शहरातल्या दुकानात गेलो. काय थाट! मऊ सोफे, काचेच्या कपातून कॉफी, मंद दिवे. आम्ही वाट बघत बसलो. आणि आतल्या काउंटरवरची मुलगी तिथूनच यांचं नाव पुकारत होती. ज्याला ऐकू येत नाही म्हणून तो तिथं आलाय, त्याला लांबून हाका! मीही तेवढ्यात पाणी आणायला बाहेर गेले होते. दोनदा आमची पाळी हुकली. शेवटी ती बाहेर आली आणि यांच्याशी न बोलता मला म्हणाली, ‘त्यांना सांगत जा ना जरा.’ यांचा तेव्हाचा चेहरा मी विसरलेले नाही. तिनं चार पावलं चालत येऊन यांच्या समोर उभं राहून सांगितलं असतं तर झालं असतं. कॉफी चांगली होती. ती तिथं येणाऱ्या कुणालाही मिळाली असती. पण कमी ऐकू येणाऱ्या माणसासाठी म्हणून त्या दुकानात काहीच केलेलं नव्हतं, आणि दुकान त्याच माणसांचं होतं.

तुझ्या दुकानात कोण येतं याची यादी तू मामांना घेऊन कर. मी बाहेरून अंदाज करते. आहेरवाले. घरासाठी दोन-चार नग नेणारे. लॉज-हॉस्टेलसाठी घाऊक घेणारे. आणि चौथे, ज्यांच्याकडे तुझं लक्ष कमी असेल असं मला वाटतं, ते देवदर्शनाला आलेले. अक्कलकोट इथून ४० किलोमीटरच्या आसपास, तुळजापूर ४५, पंढरपूर ७०. रोज कितीतरी गाड्या सोलापूरवरून जातात आणि सोलापूरला आलो तर चादर घेऊनच जायची, हे मुंबई-पुण्याच्या माणसाच्या डोक्यात पक्कं असतं. त्याच्याकडे वेळ नसतो. बाहेर ड्रायव्हर हॉर्न देतोय, पोरं भुकेली, आणि तू त्याच्यासमोर चाळीस चादरी उलगडतेस.

अशा माणसाला पहिला प्रश्न ‘काय दाखवू?’ हा नाही. ‘परत कधी निघायचंय?’ हा आहे. त्या एका उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. पंधरा मिनिटं असतील तर पाच चादरी काढ, तीन भावांच्या, आणि त्यातला फरक दोन वाक्यांत सांग. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला जाणार असतील तर म्हण, ‘सामान इथं ठेवा, सिद्धेश्वरांचं दर्शन घ्या, तळ्याकडे जाऊन या, जेवा. दुकान बंद व्हायच्या आधी बांधून ठेवते.’ आणि बर्थखाली सरकेल असं चपटं, घट्ट बांध. फुगलेली पिशवी बर्थखाली जात नाही, मग माणूस रात्रभर ती पायाशी घेऊन झोपतो आणि तुझ्या दुकानाचं नाव त्यावर छापलेलं असतं.

भाषेचंही तसंच. आपलं गाव मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषांत बोलतं. शहराच्या पूर्व भागातली तेलुगू बोलणारी पद्मशाली विणकर घरं, इंडी-विजापूरकडून येणारी माणसं. तुला सगळं यायला नको. पण कन्नड बोलत आत आलेल्या आजींना ‘बर्री, कुंदर्री’ (या, बसा) म्हटलंस की त्यांचे खांदे खाली येतात, बघ एकदा. तेलुगू येणारा कुणी दुकानात आहे का, ते मामांना विचार. असेलच. मग ज्याला येतं त्यानं पुढं व्हायचं, एवढं ठरवून ठेव.

आता खुद्द चादर. तुझे बाबा चादर कशी दाखवायचे, आठव. माझे सासरे दोन टोकं धरून एकच झटका द्यायचे. फट्ट असा आवाज यायचा आणि पूर्ण चादर हवेत पसरून गिऱ्हाइकाच्या मांडीवर उतरायची. वजन तिथंच कळायचं. मग ते कोपरा उलटून दाखवायचे, पाठीमागे तीच नक्षी रंग पालटून आलेली. माणूस दोन्ही बाजूंनी हात फिरवायचा. नव्या सुताचा आणि खळीचा वास यायचा. तो वास घ्यायला लोक सोलापूरला येतात, आणि तू त्यावर लॅव्हेंडर फवारतेस! ते मशीन आजच बंद कर.

आणि मग प्रत्येक जण एकच विचारतो: ‘रंग जातो का हो?’ तुझा मुलगा काय सांगतो? ‘अजिबात नाही, गॅरंटी.’ गिऱ्हाईक घरी जातं, पांढऱ्या बनियनबरोबर चादर भिजवतं आणि बादलीतलं पाणी गुलाबी झालं की सगळा विश्वास त्या पाण्यातून वाहून जातो. खरं सांग. ‘पहिली दोन-तीन धुणी वेगळी, गार पाण्यात धुवा. वरचा रंग थोडा निघेल, मग थांबेल. सुती आहे, थोडी आटेल. खळ निघाली की मऊ पडेल. सावलीत वाळवा.’ हे मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत छापलेली एक चिठ्ठी चादरीच्या घडीत ठेव. दुकानात नाही, घरी, धुवायच्या दिवशी ती सापडली पाहिजे. गडद लाल, गडद निळी चादर असेल तर तोंडानंही सांग.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेरचा मिश्र धाग्याचा माल ‘सोलापुरी’ म्हणून सर्रास विकला जातो. तुझ्याकडेही स्वस्तातला मिश्र माल असेल. ठेव, कारण काहींना तेवढंच परवडतं. पण दोन्ही एकाच फळीवर ठेवू नकोस आणि विचारायच्या आधी सांग कुठला काय आहे. यात कसर ठेवलीस तर बाकी मी लिहिलेलं काहीही करू नकोस, उपयोग नाही.

यानंतरची दोन मिनिटं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात आणि बहुतेक दुकानं नेमकी तिथंच गिऱ्हाइकाला सोडून देतात. पैसे गल्ल्यात पडले की आपली नजर पुढच्या माणसाकडे वळते. मी स्वतः कितीदा हे केलंय. डॅनियल कानेमन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९९३ साली प्रसिद्ध झाला. लोकांना १४ अंशांच्या बोचऱ्या गार पाण्यात एक मिनिट हात बुडवून ठेवायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच एक मिनिट आणि वर आणखी तीस सेकंद, फक्त त्या तीस सेकंदांत पाणी हळूहळू एक अंशानं कमी गार केलं. मग विचारलं, यातलं कुठलं पुन्हा कराल? दुसऱ्या खेपेत त्रास जास्त वेळ झाला होता, तरी ३२ पैकी २२ जणांनी तीच निवडली. शेवट जरा बरा झाला होता म्हणून. एकूण किती वेळ गेला ते मनात राहिलं नाही, संपलं कसं ते राहिलं.

तुझ्या दुकानात संपतं कसं? बिलासाठी उभं राहून, सुट्टे पैसे शोधत, आणि मग बोटांत रुतणाऱ्या बारीक बंदाच्या पिशवीत तीन किलोचा माल. घरी पोचेपर्यंत त्या माणसाला तुझं दुकान बोटांवरच्या लाल वळांमधून आठवत असतं. रुंद पट्ट्याची कापडी पिशवी शिव. पूर्व भागात शिलाई करणाऱ्या कितीतरी बायका आहेत, कारखान्यातलं उरलेलं कापड मिळतं, महाग पडणार नाही. म्हातारं माणूस असेल तर मुलानं पिशवी उचलून रस्त्यापर्यंत जावं, रिक्षा थांबवावी, पिशवी आत ठेवावी. आमचे दिवाणजी रिक्षावाल्याला भाडंही विचारून घ्यायचे आणि मगच बाईंना बसवायचे. परगावच्या बाईला आपल्या गावात कुणी फसवू नये ही त्यांची कळकळ. त्या बायका पुढच्या खेपेला आमच्या दुकानाचं नाव विसरलेल्या असायच्या. ‘ते रिक्षा करून देतात ते दुकान’ म्हणून विचारत यायच्या.

यावरून मामांकडे येते. तुझ्या पत्रात मामांना एक ओळ आहे आणि सुगंधाच्या मशीनलाही तेवढीच. मामांना माहीत आहे की लॉजवाल्याला पांढरे टॉवेल दिवाळीच्या आधी लागतात, अमक्या घरात निळा रंग चालत नाही, तमक्या आजींना जड चादर सोसत नाही म्हणून पातळ विणीची लागते. ते सगळं त्यांच्याबरोबर एक दिवस जाणार. शंभर पानी वही आण आणि रोज दुकान वाढवायच्या आधी दहा मिनिटं त्यांच्याजवळ बस. ते सांगतील ते लिही. मात्र त्या वहीत कामाचंच असू दे. कुणाचं घरात काय बिनसलं, कुणावर किती कर्ज झालं, हेही मामांना माहीत असेल, ते लिहू नकोस आणि बोलण्यात येऊ देऊ नकोस. आपलं सगळं या दुकानात माहीत आहे असं वाटलं की माणूस दुकान बदलतो. सणासुदीला सगळ्यांना एकच शुभेच्छांचं चित्र मोबाइलवर पाठवत असशील तर तेही थांबव.

मामांना आणि त्या मुलाला तुला न विचारता निर्णय घेता आला पाहिजे. रिट्झ-कार्लटन नावाची मोठी हॉटेलं आहेत. तिथं साध्या कर्मचाऱ्यालाही पाहुण्याची अडचण सोडवायला २,००० डॉलरपर्यंत खर्च वरिष्ठांना न विचारता करायची मुभा असते. आपण २०० रुपये ठेवू. शिवण उसवलेला टॉवेल घेऊन कुणी आलं तर ‘ताई आल्यावर बघू’ हे वाक्य तुझ्या दुकानात पुन्हा ऐकू येता कामा नये. बदलून द्यायचा, वहीत लिहायचं, संपलं. त्या मुलाला पहिल्या महिन्यात एखादा फसवेल. त्याला बोलू नकोस.

सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेत, संक्रांतीच्या गर्दीत यातलं निम्मंही जमणार नाही, ते सोडून दे. त्या आठ दिवसांत फक्त भाव मोठ्या अक्षरात लावलेले असू देत, पाणी असू दे आणि बिल लवकर होऊ दे.

हातमागाचा कोपरा मोडू नकोस, पैसे गेलेलेच आहेत. पण तिथं एक खुर्ची ठेव आणि बाबांना, त्यांना झेपेल तेव्हा, संध्याकाळी तासभर आणून बसव. अर्धांगातून उठलेल्या माणसाला आपण कुणाला तरी ओळखतो आणि कुणी तरी आपल्याला, हे हवं असतं. तुझी जुनी गिऱ्हाइकं ‘बाबा कसे आहेत?’ विचारतच असतील. त्यांना उत्तर समोर बसलेलं दिसू दे. बोलणं अडखळत असेल तर अडखळू दे. चादरीची घडी बाबांचा एक हात अजूनही घालेल.

राहिलं ते तुझ्या काकांचं. लग्न होऊन जाऊ दे, सत्यनारायण होऊ दे, पाहुणे पांगू देत. त्यानंतर चार-पाच दिवसांनी त्यांच्या घरी जा. मुलगी कशी आहे विचार. मिठाई नेऊ नकोस, ती ऑर्डरसाठी आणलीय असं वाटेल. रुसवा चेहऱ्यावर आणू नकोस. चहा झाला की विचार, ‘काका, तिकडं काय सोपं पडलं, ते मला नीट सांगा.’ ते आधी टाळतील, ‘अगं तसं काही नाही’ म्हणतील. तू थांब. काकू आतून येतील, त्या सांगतील. बायका सांगतात. वही बरोबर ने आणि त्यांच्यासमोरच लिहून घे.

तुझी काकू